आजीचे सचित्र पुस्तक: छायाचित्रे, चित्रकार, घरची चित्रे की संगणकाची?

आजीच्या आयुष्यावर आणि तिच्या स्थलांतरावर सचित्र पुस्तक करायचे ठरले, की ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. त्याआधी कपाटातले अल्बम खाली काढावेत आणि आजीच्या आयुष्यातल्या कोणत्या वर्षांची छायाचित्रे घरात आहेत, कोणत्या वर्षांची मुळीच नाहीत, हे पाहावे. साताऱ्याच्या जावळी-पाटण भागातून नवऱ्यामागे मुंबईला आलेल्या आणि पुढे कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या माथाडी वसाहतीत स्थिरावलेल्या आजीचे उदाहरण घेतले, तर माहेर, भाताची लावणी आणि गाव सोडल्याचा दिवस यांचे एकही छायाचित्र बहुधा सापडत नाही. सापडतात ती मुलांच्या लग्नांची आणि नातवंडांच्या बारशांची. स्थलांतराच्या कथेचा पूर्वार्धच असा चित्रांविना असतो, आणि कोणता पर्याय घ्यायचा हे या रिकाम्या पूर्वार्धावरून ठरवावे.

छायाचित्रांचे तयार पुस्तक हा सर्वांत सोपा मार्ग. संकेतस्थळावर छायाचित्रे चढवायची, मांडणीचा साचा निवडायचा, मजकूर भरायचा, आणि थोड्याच दिवसांत पुठ्ठा बांधणीचे पुस्तक घरी येते. उत्तरार्धासाठी, म्हणजे शहरातल्या वर्षांसाठी, हा पर्याय उत्तम आहे. जुनी लहान कृष्णधवल छायाचित्रे मोबाइलने ट्यूबलाइटखाली न टिपता स्कॅनरवर सहाशे डीपीआयला (एका इंचात सहाशे ठिपके) घ्यावीत, म्हणजे ती मोठी करून छापता येतात. मुंबईचे पहिले रेशनकार्ड, माथाडी मंडळाचा पास, शाळा सोडल्याचा दाखला हेही छायाचित्रांइतकेच बोलके असतात. मात्र आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक छपाईपूर्वी झाकावेत. अडचण देवनागरीची येते. अनेक साच्यांत जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, त्यामुळे मजकुराचे पान स्वतंत्रपणे जुळवून चित्ररूपात चढवणे शहाणपणाचे ठरते. पूर्वार्धाच्या पानांवर मात्र हा मार्ग पुरता लंगडा पडतो. तिथे इंटरनेटवरून उचललेले सह्याद्रीचे देखावे घातले, की पुस्तकाचे कॅलेंडर होते.

चित्रकाराकडून चित्रे काढून घेण्याचा मार्ग महाग आणि संथ आहे, तरीही गावाकडच्या भागासाठी मी तोच सुचवीन. पण एका अटीवर. रंग भरण्यापूर्वी पेन्सिलीची कच्ची चित्रे आजीपुढे ठेवली गेली पाहिजेत. ओळखीच्या एका घरात चित्रकर्तीने स्वयंपाकघर काढून आणले होते. मातीची चूल, तिला जोडलेला वैल म्हणजे बाजूची छोटी चूल, भिंतीतली देवळी, कोपऱ्यातली उतरंड, सगळे देखणे होते. आजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "वैल उजव्या अंगाला हवा. डावीकडं जळण असायचं, तिथं वैल ठेवला तर जळण पेटंल की!" त्या एका दुरुस्तीमागून सासूबाई कोठे बसत, धूर कोठून बाहेर जाई आणि पावसाळ्यात ओले जळण कसे वाळवत, हे सगळे निघाले, आणि यातले काहीही आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गप्पांत आलेले नव्हते. आजीला "गावाकडचं काहीतरी सांग" म्हटले तर ती दोन वाक्यांत आटोपते. चुकलेले चित्र दाखवले तर तासभर बोलते. म्हणून ज्या पर्यायात आजीला चित्र दुरुस्त करता येते तो चांगला, आणि पूर्ण झालेले चित्रच तिच्यासमोर येते तो कमी प्रतीचा, मग ते कितीही सुंदर असो, असे माझे मत झाले आहे.

त्यामुळे चित्रकार निवडताना त्याच्या शैलीपेक्षा त्याचे प्रश्न ऐकावेत. लावणीच्या वेळी डोक्यावर इरले असे की घोंगडीची खोळ, लुगड्याचा काष्टा किती वर खोचलेला असे, एस्टीत चढताना हातात ट्रंक होती की बोचके, असे विचारणारा चित्रकार मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजावेत. कच्च्या चित्रांत किती वेळा बदल करून मिळतील, मूळ कागद कोणाकडे राहतील आणि पुढे जादा प्रती काढल्यास परवानगी लागेल का, एवढे आधीच लेखी ठरवावे. एक सावधगिरी वारलीबाबत. ठाण्यात ती सहज सुचते, कारण पालघर २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरीचा पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे ही कला जगभर पोचली. पण ती एका समाजाची आणि त्याच्या विधींची चित्रभाषा आहे. साताऱ्याच्या आजीला गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या त्रिकोणांत बसवले, तर चौकटी भरतील, आजी मात्र त्यात दिसणार नाही.

घरच्यांनी काढलेली चित्रे हा पर्याय लोक उगाचच कमी लेखतात. नातवंडांचा हात कच्चा असतो, माणसांचे पाय तिरके येतात, पण दुरुस्तीची सोय इथे सर्वांत मोठी, कारण आजी शेजारीच बसलेली असते आणि कागद फाडायला कोणाचा संकोच वाटत नाही. सर्वांनी एकाच मापाचा कागद आणि एकच माध्यम वापरावे, एवढे पथ्य पाळले तरी पुस्तकाला एकसंधपणा येतो. पडवी, ओटी, माजघर, गोठा असा गावच्या घराचा आराखडा तर आजीच्या हातूनच काढून घ्यावा. रेघा वाकड्या आल्या तरी तसाच छापावा.

संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे करून घेणे स्वस्त आणि झटपट आहे, पण माझा कौल त्याच्या विरुद्ध आहे. चिखलात लावणी करणाऱ्या बाईला जरीकाठी साडी आणि ठसठशीत नथ मिळते, काष्टा कधी असतो तर कधी गायब होतो, आणि तोच चेहरा पुढच्या पानावर राखणे जिकिरीचे जाते. शिवाय वैल उजवीकडे घ्यायला सांगितले, तर चूलच बदलून येते. चित्रकाराला कल्पना द्यायला एखादा नमुना म्हणून ते चालेल.

चित्रांच्या क्रमासाठी सनावळी लागते, आणि आजीला साल बहुधा सांगता येत नाही. तिला घटना आठवतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, मोठा दुष्काळ १९७२ चा, गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ पासूनचा, मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती मे १९९२ मध्ये. "मुंबईला आलीस तेव्हा भूकंप होऊन गेला होता का?" असे विचारले, की साल जवळजवळ हाती लागते.

नवी मुंबईतल्या आगरी किंवा कोळी आजीच्या बाबतीत मात्र वरचा हिशेब बदलतो. ती कोठेही गेली नाही, शहरच तिच्या दारात आले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, तेव्हाच्या ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी घ्यायची ठरली, आणि १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. इथे घर तेच राहते आणि भोवतालची शेते, मिठागरे, खाडीकाठ नाहीसा होतो. त्यामुळे चूल-उतरंडीच्या चित्रांहून नकाशा अधिक कामाला येतो. भूमी अभिलेख विभागाचा गावनकाशा समोर ठेवून आपले शेत, बांध, होडी लागायची ती जागा आजीकडून दाखवून घ्यावी, समोरच्या पानावर आज त्या जागी असलेल्या इमारतींचे छायाचित्र छापावे, आणि चित्रकार परवडत नसेल तर त्याच्याविना पुस्तक निःशंकपणे करावे.

साताऱ्याच्या आजीकडे परत यायचे, तर मी मिश्र पुस्तक करीन. पूर्वार्धात चित्रकाराची मोजकी आठ-दहा चित्रे, मध्ये आजीने काढलेला घराचा आराखडा, आणि उत्तरार्धात छायाचित्रे व कागदपत्रे. पैसे कमी असतील, तर चित्रकाराची चित्रे निम्मी करावीत आणि उरलेली नातवंडांवर सोपवावीत. आजीची दृष्टी अधू झाली असेल, तर कच्चे चित्र तिला शब्दांत वर्णन करून सांगावे लागते. वेळ जातो, पण दुरुस्त्या तशाही निघतात.

छपाईत नात्यागोत्यापुरत्या तीस-चाळीस प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाईच घ्यावी, कारण ऑफसेट काही शे प्रतींच्या आत परवडत नाही. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. जलरंगांच्या चित्रांना चकचकीत आर्ट पेपरपेक्षा जाड, चकाकी नसलेला मॅपलिथो कागद शोभतो, मात्र त्यावर जुनी छायाचित्रे किंचित मंद येतात, म्हणून दोन्ही कागदांवर एकेक नमुना पान मागून घ्यावे. बांधणी शिलाईची करावी. नुसत्या गोंदावर बांधलेले पुस्तक सपाट उघडत नाही आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग पानांच्या सांध्यात गडप होतो. घरात वाटायच्या पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही. विक्रीला ठेवायचे असेल, तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. त्यासाठीचा अर्ज छपाईच्या बराच आधी करावा, कारण क्रमांक पुस्तकावर छापावा लागतो.