आभाळात चढलेली गोदा: एका तैलचित्राविषयी

नाशिकमधील एका खासगी कलादालनात सध्या मांडलेल्या भल्यामोठ्या तैलचित्रात गोदावरी पात्र सोडून आभाळात चढली आहे आणि खाली कोरड्या पडलेल्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती छातीपर्यंत ढगांत बुडालेला दिसतो. पूर किती चढला हे याच मूर्तीवरून मोजणाऱ्या नाशिककरांना ही उलथापालथ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कल्पनेला इथल्याच सवयीचा आधार मिळाल्यामुळे ती विश्वसनीय वाटते.

चित्राची खरी ताकद रंगलेपनात आहे. जवसाच्या तेलातले रंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन सावकाश वाळतात आणि या संथपणाचा लाभ घेत नदीचा हिरवट करडा रंग पातळ, पारदर्शक थरांवर थर देऊन असा उभारला आहे, की प्रकाश आतून झिरपत असल्याचा भास होतो. मारुतीचा शेंदूर मात्र जाड, सुरीने लावलेला आहे. हा विरोध अप्रतिम आहे. वसईच्या १७३९ च्या विजयाची खूण मानल्या जाणाऱ्या नारोशंकर मंदिरातील घंटेतून बाहेर पडणारे मासे मात्र मला पटले नाहीत; त्या कोपऱ्यात चमत्कारांची गर्दी होते आणि नजर नदीवरून उगाच ढळते.

दालनातील दिव्यांची मांडणी सदोष असल्याने वॉर्निशवर चकाकी येते, म्हणून चित्र थोडे बाजूला उभे राहून पाहावे. विकत घेणाऱ्याने अंतिम वॉर्निश केव्हा दिले हे जरूर विचारावे, कारण ते रंग वाळल्यावरच द्यायचे असते आणि रंगाचे जाड थर पुरते वाळायला ६ महिने ते वर्षभरही लागू शकते.