पीजी व्हेरिफायबॅकअप: आठ महिने वापरल्यावर

फोंड्यात एका घाऊक औषधवाल्याकडे मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. बिलिंगचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस, डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) १५ वर, साधारण ४० जीबी. रोज रात्री बेसबॅकअप (डेटाबेसच्या सगळ्या फाईलींची प्रत) आणि सकाळी त्याची कॉपी यूएसबी डिस्कवर, हे तीन वर्षं चाललंय. गेल्या जूनमध्ये लाईट ये-जा करत असताना शेठनी विचारलं, "सर्व्हर गेला तर उद्या बिलं निघतील ना रे?" मी हो म्हटलं. रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करणं, एकदाही करून पाहिला नव्हता.

त्याच रात्री बॅकअप तपासणारी पीजी व्हेरिफायबॅकअप ही कमांड चालवली. ती पोस्टग्रेसबरोबरच येते, २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून. बेसबॅकअप घेताना मॅनिफेस्ट नावाची यादी बनते: प्रत्येक फाईल, तिचा आकार, तिचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा). कमांड ती यादी धरून फाईल अन् फाईल वाचते, शिवाय रिकव्हरीला लागणारा वॉल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) जागेवर आहे का, तेही बघते. ४० जीबीला दहा-बारा मिनिटं.

पहिला महिना मी तपासणी सर्व्हरवरच करत होतो, कॉपी करायच्या आधी. हे चुकलंच. जुलैत सहज म्हणून डिस्कवरच्या कॉपीवर चालवली, तर एका फाईलचा चेकसम जुळेना. सर्व्हरवर सगळं ठीक! केबल काढून बघितली तर पिनांवर हिरवट थर. आपला पावसाळा. नवी केबल घातल्यावर त्रास गेला. तेव्हापासून तपासणी कॉपी झाल्यावर, डिस्कवरच.

पण खरा धडा ऑगस्टमध्ये मिळाला. कमांड म्हणते बॅकअप ठीक, आणि तोच बॅकअप एका जुन्या मशीनवर रिस्टोर करून पाहिला तर पोस्टग्रेस सुरूच होईना. आमचा सर्व्हर उबुंटूचा. तिथे कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फाईली डेटा फोल्डरात नसतात, ईटीसी नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात, त्यामुळे बेसबॅकअपमध्ये त्या कधी आल्याच नव्हत्या. जे यादीतच नाही त्याबद्दल कमांड काय बोलणार? आता ईटीसीचं ते फोल्डर वेगळं घेतो. त्याच गडबडीत मी बॅकअपच्या मूळ फोल्डरवरच सर्व्हर चालू केला होता. फाईली बदलल्या, आणि पुढच्या तपासणीत एररच्या ओळीच ओळी. पाच मिनिटं घाम फुटला. चाचणी नेहमी कॉपीवर करा.

आणखी एक. सर्व्हरवर डेटाचं एखादं पान (फाईलचा छोटा तुकडा) आधीच खराब झालं असेल, तर तेच खराब पान बॅकअपमध्ये जातं आणि इथे बिनतक्रार पास होतं. आमच्याकडे डेटा चेकसम (अशी पानं पकडणारी पोस्टग्रेसची सोय) बंद आहेत, म्हणून महिन्यातून एका रविवारी जुन्या मशीनवर ५४३३ पोर्टवर रिस्टोर करतो, सगळ्या टेबलांचा डंप डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कुठेच न साठवता, सोडतो (टेबलं पूर्ण वाचली जातात), आणि इंडेक्ससाठी पीजी अॅमचेक ही दुसरी कमांड. अर्धा रविवार जातो, घरी बोलणी बसतात.

तक्रार एकच: १५ मध्ये टार बॅकअप (फाईली एकत्र बांधून ठेवलेला) तपासता येत नाही, आधी उघडावा लागतो. १८ मध्ये ती सोय झाली आहे, पण मार्चअखेर होईपर्यंत शेठ सर्व्हरला हात लावू देणार नाहीत.