शाळेचं जेवण: बाहेरून मागवावं की आवारात शिजवावं?

इंदूरच्या दोन-तीन शाळांतल्या पालकांनी गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमच्या मुलीच्या शाळेत जेवणाची समिती झाली, तेव्हा मी तिच्यात ओढला गेलो. दोनशेच्या आसपास मुलं आहेत. पहिलं वर्ष कंत्राटदाराच्या मोठ्या स्वयंपाकघरातून जेवण आलं, दुसऱ्या वर्षापासून शाळेतच शिजतं. दोन्ही खाऊन पाहिलंय, दोन्हींची भांडणं सोडवलीत.

आधी कंत्राटदाराच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू कमकुवत नाही. वेळ पाळायचा. सुट्टे पैसे, सिलिंडर, भांडी घासणारीची दांडी यांतलं काहीच शाळेच्या माथी येत नसे. स्वयंपाकघर मी पाहून आलो होतो. आमच्या घरच्यापेक्षा स्वच्छ. त्याचा आठवड्याचा तक्ताही झकास होता. सरकारी पोषण आहाराचं माप पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम असं आहे. खासगी शाळेला ते बंधनकारक नाही, पण पट्टी म्हणून बरं. तक्ता त्या पट्टीला पुरून उरत होता.

घोडं अडलं पोळीपाशी.

पोळ्या दहाच्या सुमारास डब्यात भरल्या जायच्या, जेवणाची सुट्टी सव्वाबाराला. मधल्या वेळात वाफ झाकणाला लागायची आणि तिथून थेंब थेंब खाली. डबा उघडला की वरच्या दहा-बारा पोळ्या ओल्या गच्च, तळाच्या एकमेकींना चिकटलेल्या, मधल्या तेवढ्या खाण्यासारख्या. मुलांना हे आठवडाभरात कळलं. एरवी धक्काबुक्की करून पुढे घुसणारी ही पोरं, जेवणाच्या रांगेत मात्र पहिलं कोणालाच उभं राहायचं नसे. "तू जा ना पुढे," असा आग्रह चालायचा. मी एकदा बाजूला उभा राहून पाहिलं तर तिसरीतला एक मुलगा बुटाची लेस चार वेळा सोडून बांधत होता.

कंत्राटदाराला सांगितलं. त्याने झाकणाखाली फडकं घातलं. फडक्याला कालचा वास. मग झाकण जरा तिरकं ठेवून पाहिलं, तर पोळ्या पापडासारख्या. यात त्याचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त, असं मला आता वाटतं. शिजलेलं अन्न तासन्‌तास ठेवायचं तर ते ६० अंशांच्या वर गरम ठेवावं लागतं, नाहीतर जंतू वाढतात. गरम ठेवायचं म्हणजे झाकायचं, आणि झाकलं की पाणी सुटणारच. वरण-भाताला त्याचं काही वाटत नाही. पोळीचा आणि पोह्यांचा मात्र जीव जातो.

बरं, पोळी टाकली की तिच्यासोबत भाजीही टाकली जाते. खरकट्याची बादली रोज भरायची. मी वजन वगैरे केलेलं नाही, पण पहिल्या वर्षी ती बादली मामांना दोन्ही हातांनी उचलावी लागे, आता एका हाताने नेतात. तक्त्यातली प्रथिनं बादलीत जात असतील तर तक्त्याचं काय करायचं?

शाळेत शिजवायला लागल्यावर दोन मावशी ठेवल्या, एक मोठा तवा घेतला. पोळ्या सुट्टीच्या अर्धा तास आधी सुरू होतात आणि वाढणं चालू असतानाही लाटल्या जातात. दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता: माल डोळ्यांसमोर असतो. मोठ्या मुलाला ३० ग्रॅम डाळ धरली तर दोनशे मुलांना सहा किलो कोरडी डाळ लागते. पातळ वरणाच्या डब्यात बघून ती सहा किलो होती की चार, हे कोणाचा बापही सांगू शकणार नाही. इथे काट्यावर दिसते. भाजीचंही तसंच, ७५ ग्रॅमच्या हिशेबाने पंधरा किलो, आणि त्यात बटाटा किती हे पिशवीतच कळतं.

चवीचं म्हणाल तर मालव्यातली मुलं, शेव दिसल्याशिवाय हात पुढे येत नाही. आम्ही शेवेशी भांडलो नाही. शनिवारी उसळ-पोहे असतात: मोड आलेल्या मटकीची उसळ भरपूर, पोहे बेताचे, वर चिमूटभर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), आणि लिंबाची फोड सक्तीची. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, पण मुलांना ते सांगायची गरज पडत नाही. पालक कणकेत मळला की जातो, भाजी म्हणून वाढला की परत येतो. असले फेरफार कंत्राटदाराला आठ दिवस आधी कळवावे लागत. मावशींना सकाळी सांगितलं तरी चालतं.

तोटे आहेतच. अन्न-सुरक्षेची नोंदणी करा, पाण्याची टाकी धुवा, धान्याला कीड लागली का बघा. गौरी-गणपतीत एक मावशी गावाला गेल्या तर चार दिवस खिचडीवर काढले. मुख्याध्यापकांचा रोजचा अर्धा तास यात जातो, आणि ते तसं बोलूनही दाखवतात. फाटकाबाहेरची कचोरीही सुटलेली नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे फाटकापासून ५० मीटरच्या आत असलं तळकट विकायचं नसतं. गाडी मात्र उभी असते.

तुमच्याकडे हजारावर मुलं असतील किंवा जागाच नसेल, तर मी बाहेरच्याला नाही म्हणणार नाही. फक्त शक्य असेल तर वरण-भात-भाजी बाहेरून घ्या आणि तवा शाळेत ठेवा. दोनशे-तीनशेची शाळा असेल, तर मात्र एक सत्र स्वतः शिजवून बघाच. आणि ठरवण्याआधी बाहेरच्या डब्यातली सगळ्यात वरची पोळी खा, मधली नको.

एक कबुली द्यायला हवी. कंत्राटदाराची कढी फर्मास होती. आमच्या मावशींना ती अजून जमलेली नाही, आणि मुलगी दर बुधवारी ते मला ऐकवते.