कठीण काळासाठीचं बायबल ॲप: आवाज मस्त, टिपा गुळगुळीत

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि असली ॲप्स साधारण एकाच साच्यातली असतात, तुम्ही दुसरं कुठलं वापरत असाल तरी यातलं बरंच लागू पडेल. रोजचं वाचन, त्याचा ऑडिओ, खाली छोटी टीप आणि शेवटी एक प्रार्थना असा प्रकार आहे. मी त्यातली संकटात विश्वास कसा टिकवायचा यावरची अख्खी वाचनमाला ऐकली, त्यावरून लिहितेय.

आधी चांगलं. ऑडिओ एक नंबर! वाचणारी बाई नाटकी आवाज काढत नाही, मागे उगाच पियानो नाही, सरळ वाचते. येशूचा शिष्य पेत्र याचं बायबलमधलं पहिलं पत्र पाचच अध्यायांचं आहे, एका बैठकीत ऐकून होतं, आणि तसं सलग ऐकलं की कळतं पेत्र किती वेळा दुःख सोसण्याकडे परत येतो ते. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया (खंड नव्हे, तेव्हाचा रोमन प्रांत), बिथुनिया इथे विखुरलेल्या लोकांना लिहिलंय, म्हणजे आजचा तुर्कस्तान. इथल्या टिपा खरंच अभ्यास करून लिहिल्यात. छळ म्हटलं की आपल्याला लगेच सिंह आणि आखाडा आठवतो, पण या पत्रात जास्त करून बदनामी आणि टोमणे आहेत. ४:४ (चौथा अध्याय, चौथं वचन) बघा, कालपर्यंत आपल्यासोबत धिंगाणा घालणारे आता येत नाहीत याचं लोकांना नवल वाटतं आणि मग ते निंदा करतात. नोकरी करणाऱ्या कुणालाही हे समजेल, खोट्या बिलावर सही करणार नाही म्हटलं तर कोणी तुरुंगात टाकत नाही, फक्त पुढच्या वेळी तुम्हाला न विचारता ठरतं, "फार सोवळी आहे" असं मागून ऐकू येतं आणि प्रमोशनच्या यादीत नाव नसतं. बस, एवढंच, पण वर्षानुवर्षं.

आणि ४:१५ वरची टीप तर मला फारच आवडली. तिथे पेत्र म्हणतो की खुनी, चोर, वाईट काम करणारा किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून तुमच्यावर दुःख येऊ नये. खुनी आणि चोरांच्या रांगेत लुडबुड्या! टिपेत सरळ विचारलंय, लोक तुम्हाला टाळतात ते ख्रिस्तामुळे की तुमच्या तिरकस बोलण्यामुळे? आमच्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रश्न झोंबेल. एक स्टार फक्त यासाठी.

इतिहासाच्या पानावर धाकट्या प्लिनीचं पत्र पण दिलंय. इ.स. ११२ च्या आसपास तो बिथुनिया-पंतचा रोमन गव्हर्नर होता आणि या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं असं त्याने सम्राट त्राजानला विचारलं. चौकशीत काय सापडलं तर ही मंडळी ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात आणि शपथ घेतात की चोरी, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणी ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही. बघा आता, सरकारी तपासातून निष्पन्न काय तर हे लोक ठेव बुडवत नाहीत.

पण पेत्र संपला की टिपा लिहिणारा माणूस बहुतेक बदलला, कारण पुढे सगळं गोड गोड सुरू होतं. रोज सकाळी नोटिफिकेशन येतं, जास्त करून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत वगैरे. वचन खरंय हो, पण त्याच्या आधीचंच वचन म्हणतं की बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. यिर्मयाने हे बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना पत्रात लिहिलंय. ज्यांनी ते पत्र वाचलं त्यातले बहुतेक मोठे लोक परत जायच्या आधीच वारले असणार. त्यांना तिथे घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. हे कुठे आहे टिपेत? नाहीये. फिलिप्पै ४:१३ चं तेच, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो हे वचन, खाली डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस, आणि हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मात्र ते बंदिवासातून लिहितोय, भरल्या पोटी आणि उपाशी दोन्ही प्रकारे राहायला शिकलो असं.

सगळ्यात जास्त राग आला तो इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या वाचनावर, त्यात विश्वासाने जगलेल्यांची यादी आहे. वाचन ३४ व्या वचनात संपवलंय, म्हणजे सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेतून वाचले, शत्रूंची सैन्यं पळवली, छान. पुढच्याच वचनात हाल करून मारलेले येतात, मग दगडमार झालेले, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून भटकणारे, आणि पत्र म्हणतं या सगळ्यांचाच विश्वास नावाजला गेला. नेमकी ज्यांची सुटका झाली नाही तीच माणसं कापून टाकलीत. ज्याचा रिपोर्ट वाईट आलाय किंवा ज्याची नोकरी गेलीय त्याने यातून काय समजायचं, की आपला विश्वास कमी पडला? स्तोत्र ८८ पण मालेत घेतलेलं नाही, ते अंधारातच संपतं म्हणून असेल. प्रार्थना तर प्रत्येक वेळी "हे संकट आजच दूर होईल" वर जाते. पौलाने देवाला तीनदा विनवलं तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही, माझी कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं, त्याला हे ॲप काय सांगणार होतं कुणास ठाऊक.

बाकी स्ट्रीक (सलग किती दिवस वाचलं त्याची मोजणी), बॅज, कोणी किती अध्याय वाचले त्याची क्रमवारी हे सगळं आहेच. घरातलं माणूस आयसीयूत असताना "तुम्ही मागे पडलात" असा मेसेज आला तर कसं वाटेल याचा विचार कुणीच केलेला दिसत नाही. आणि पैसे भरून प्लस घेतलं की तुमच्या फोटोभोवती सोनेरी कडं येतं आणि चर्चेत तुमची कमेंट वर दिसते. ही चर्चा ज्या वाचनाखाली चालू होती ते होतं याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढे बसवणारे आणि गरिबाला उभं राहायला सांगणारे. आणि त्याखालच्या चर्चेत सोनेरी कडंवाले वर, बाकीचे खाली. बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी हे स्क्रीनवर एकदा बघायला हवं होतं!

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन वाचणाऱ्या बाईंचे. घ्यायचंच असेल तर फुकटवालं घ्या, ऑडिओ त्यात पूर्ण आहे आणि डाउनलोड पण होतो. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन आणि स्ट्रीक बंद करा, क्रमवारी लपवायचं बटण प्रोफाइलच्या आत आहे, पटकन सापडत नाही. टिपा पेत्रापुरत्या वाचा. स्तोत्र ८८ आणि इब्री ११ चा राहिलेला भाग "संपूर्ण बायबल" मध्ये आहे, त्याच बाईंच्या आवाजात.