नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडची सिटी बस : पाचपैकी दोन स्टार

गाडी चांगलीये, ते आधीच सांगतो. सीट बरी, सीएनजी असल्यामुळे धूर नाही, कंडक्टर पण सुट्ट्यावरून डोकं खात नाहीत (दोन स्टार त्यांनाच). पण गाडी आली तर ना! आमच्या बाजूच्या फेऱ्या गुपचूप कमी केल्या, स्टॉपवर साधा कागद चिकटवला नाही, ॲपमध्ये बस येतेय येतेय म्हणून सरकत राहते आणि मग एकदम गायबच, तेवढ्यात शेअर रिक्षावाला सीबीएस सीबीएस (म्हणजे सेंट्रल बस स्टँड) ओरडत येतो आणि तिघांच्या जागेत पाच जण कोंबून निघतो.

तोटा असतो हे मान्य, सिटी बस फायद्यात चालते कुठे? पण ठेकेदाराला किलोमीटरवर पैसे द्यायचे असले की काटकसर म्हणजे किलोमीटर कापायचे, आणि कात्री पहिली उपनगरावर. फेऱ्या कमी म्हणून पॅसेंजर कमी, पॅसेंजर कमी म्हणून अजून फेऱ्या कमी.

त्यापेक्षा वळसे घेणारे रूट सरळ करा, आतल्या कॉलन्यांना मेन रोडपर्यंत छोट्या गाड्या द्या, आणि अंबड-सातपूर एमआयडीसीच्या शिफ्ट सुटायच्या वेळा धरून बस सोडा. अर्ध्या तासाने एक असली तरी चालेल हो, पण ठरलेल्या मिनिटाला. नाशिकच्या मेट्रोला २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २०९२ कोटी जाहीर झाले होते, ती येईल तेव्हा येईल, आत्ता रात्रीची एक फेरी परत चालू करा, तिसरा स्टार लगेच देतो.