दार पाच फूट पाच, बाप्पा पाच फूट सहा: मोठ्या बंद व्हॅनचे अकरा महिने

गाडीचं नाव लिहीत नाही. मेहुणा वकील आहे आणि सर्व्हिस सेंटरशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे, एवढं कारण पुरे. मोठी, बंद बॉडीची डिझेल व्हॅन. मागे दोन झडपांचं दार, डावीकडे सरकतं दार, आत माणूस ताठ उभा राहतो. इंजिन केवढं, टॉर्क किती, हे ज्याला घ्यायचीय त्याला आधीच पाठ असतं. ते सोडून जे शोरूममध्ये कोणी सांगत नाही तेवढंच लिहितो.

आमचा धंदा दोन तुकड्यांत. जून ते भाद्रपद पेणहून गणपती आणून पुण्यात दोन स्टॉल लावतो. उरलेलं वर्ष लग्नाचं डेकोरेशन: कमानी, सोफे, पडदे, कृत्रिम फुलांच्या पेट्या. दोन्हीत माल अवाढव्य आणि वजन चिमूटभर. आतापर्यंत एक छोटा हत्ती (म्हणजे लहान टेम्पो) आणि गरजेला भाड्याचा पिकअप, असं चाललं होतं. दर पावसाळ्यात ताडपत्री फडफडून एखाद्या मूर्तीचं बोट, एखाद्या उंदराचा कान जायचाच. शेवटी २०२४ च्या दसऱ्याला ही व्हॅन दारात उभी केली. आज १९ हजार किलोमीटर झालेत.

आता मूळ दुखणं.

घेताना मी आतली उंची टेपने मोजली होती. सहा फूट. पत्रकातही सहाच. खूश होऊन सही केली. दाराची उंची मोजली नाही. ती कोणी मोजत नाही, पत्रकात ती बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. मागच्या दाराची चौकट वरून खाली येते, कारण वर पाणी अडवायची पट्टी, दिव्याची पट्टी आणि बिजागऱ्यांना धरणारा जाड पत्रा असतो. म्हणजे घरात छत दहा फूट पण दारात वाकून यायचं, तसा प्रकार. माझ्या गाडीचं दार भरलं पाच फूट पाच इंच. सात इंच कुठे गेले? गेले.

हे मला कळलं पेणजवळच्या हमरापूरच्या एका मूर्तींच्या कारखान्यासमोर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. एका मंडळाची मूर्ती, पाटासकट पाच फूट सहा. चार जणांनी उचलून दारापर्यंत आणली आणि मुकुटाचं टोक चौकटीला बरोबर एक इंच वर. मूर्ती आडवी किंवा तिरकी करायला कारागीर तयार नाही, मंडळाचा पोरगा तर मुळीच नाही. पाट रंधून काढू म्हटलं तर मूर्ती पाटावर पक्की बसवलेली. कारखानदार दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "शेठ, मूर्ती बसंल. दार बसत नाय."

मग काय, तिथलाच एक उघडा पिकअप साडेसहा हजारांत ठरवला. मूर्ती त्यात, वर ताडपत्री. आणि त्याच्या मागे माझी कोरी बंद व्हॅन, रिकामी, पुण्यापर्यंत. दोन गाड्यांचं डिझेल, दोन गाड्यांचा टोल. भाचा शेजारी बसून हसू दाबत होता.

घरी आल्यावर बायकोने हिशेबाची वही उघडली आणि एक साधा प्रश्न विचारला: "खाली लाकूड कोणी ठोकलं?" मीच. गाडी आल्याबरोबर तळाला १८ मिलिमीटरचं प्लायवूड आणि त्यावर रबरी मॅट बसवून घेतली होती, पत्र्याला ओरखडे नकोत म्हणून. म्हणजे त्या सात इंचांतला जवळजवळ एक इंच माझ्याच पैशाने मी भरून टाकला होता. ते काढलं असतं तर मूर्ती कदाचित घासून गेली असती, कदाचित नसती. हा तपशील मी कंपनीला लिहिलेल्या पत्रात घातलेला नाही.

तरी माझं म्हणणं कायम आहे. मालवाहू गाडी विकताना आतल्या उंचीपेक्षा दाराची उंची मोठ्या अक्षरात लिहायला हवी. माल छतातून आत येत नाही.

वडिलांकडे मॅटॅडोर होती. तिला पुढची चाकं ओढायची, त्यामुळे तळाखालून मागे जाणारा शाफ्ट नव्हता आणि फळी बुटकी होती. वडील आणि एक हमाल, दोघांत सोफा चढायचा. माझ्या व्हॅनला मागची चाकं ओढतात, त्यामुळे तळ मांडीएवढा उंच. प्रत्येक वेळी तिसरा माणूस लागतो आणि तिसऱ्या माणसाची मजुरी लागते. वर्षभराची बेरीज केली तर ती दाराच्या एका इंचापेक्षा कितीतरी जास्त भरते, हे मला कळतं. पण राग इंचाचाच येतो.

आता पाट्यांबद्दल, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांबद्दल. मालवाहू गाडीचे मागचे पाटे भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. पूर्ण माल भरला की गाडी गालिच्यावरून चालल्यासारखी चालते. आम्ही भरतो काय, तर दोनशे-अडीचशे किलो पीओपी आणि पेंढा. मग पेण ते खोपोली रस्त्यावर प्रत्येक खड्डा मूर्तीच्या सोंडेपर्यंत पोचतो. पहिल्या फेरीत दीडशे घरगुती मूर्तींतल्या अकरा तडकल्या. उघड्या पिकअपमध्ये कधी पाचच्या वर गेल्या नव्हत्या. त्या रात्री मी गाडी विकायला काढली होती, खरंच, फोटोही काढले होते.

उपाय सांगितला हमरापूरच्याच एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने. वाळूच्या आठ गोण्या, प्रत्येकी चाळीस किलो, मागच्या आसाच्या थोड्या पुढे, तळाला घट्ट बांधून. त्यावर मांडणी. आणि टायरची हवा रिकाम्या गाडीच्या तक्त्याप्रमाणे. आमच्या गाडीत तो तक्ता ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाला चिकटवलेला आहे, भरलेल्या गाडीची हवा वेगळी, रिकाम्याची वेगळी. मी वर्षभर भरलेल्याचीच मारत होतो. दुसऱ्या फेरीत दोन तडकल्या, तिसऱ्या फेरीत एकही नाही. मायलेज थोडं पडलं, १२ वरून साडेअकरावर. म्हणजे मी तीनशे वीस किलो वाळू पुणे-पेण-पुणे फिरवतो आणि तिला डिझेल पाजतो. विकायचा विचार मात्र तिथेच सोडला.

शाडूच्या मूर्तींना वाळू कमी लागते, त्या स्वतःच जड. यंदा किती शाडू आणि किती पीओपी घ्यायचं हेच जूनपर्यंत अधांतरी होतं. ९ जून २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको अशी अट ठेवून, आणि मग सगळे स्टॉलवाले एकदम पेणकडे पळाले. चतुर्थी २७ ऑगस्टला. सहा आठवड्यांत अडीच महिन्यांच्या फेऱ्या. गाडीची खरी परीक्षा तेव्हा झाली.

आणि त्याच दिवसांत ती बसली.

जुलैअखेर, रात्री साडेअकरा, खोपोलीचा घाट चढायच्या तोंडाशी. आधी एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा. मग गाडीने ताकदच सोडली. ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी वीसच्या वर काटा जाईना. मागे एकशे चाळीस मूर्ती. घाटात ट्रकवाले मागून हॉर्न देतायत आणि आम्ही पालखीच्या वेगाने चढतोय. पुण्यात पोचायला पहाटेचे साडेचार झाले. मूर्ती सगळ्या शाबूत होत्या, तेवढं लिहायला हवं.

सर्व्हिस सेंटरने गाडी तीन दिवस ठेवली. लॅपटॉप जोडला आणि निदान सांगितलं: धुराच्या नळीतली गाळणी, म्हणजे डीपीएफ, काजळीने तुंबली. जबरदस्तीने जाळून साफ करावी लागली. बिल ४,८००. मी म्हटलं वॉरंटी आहे. सल्लागार म्हणाला, "सर, ही वापराची चूक आहे." तिथे माझा आवाज चढला. पंचवीस वर्षं गाड्या चालवतोय, मला वापर शिकवता? सीझनचे तीन दिवस गेले, भाड्याच्या गाडीचे पैसे गेले आणि वर चूक माझी. पत्र लिहिलं, ईमेल केला, मेहुण्याच्या लेटरहेडवर आणखी एक पत्र धाडलं. शेवटी बिल निम्मं केलं. उरलेल्या निम्म्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे.

इथपर्यंत लिहून हा मजकूर आठ दिवस पडून होता. मध्ये माझ्या जुन्या मेकॅनिककडे बसलो होतो. तोच छोटा हत्ती बघायचा. त्याने गाडीला हात न लावता विचारलं, "नोव्हेंबर ते मे गाडी कुठे फिरली?" मी सांगितलं: गोडाऊन ते कार्यालय, कार्यालय ते गोडाऊन. सहा किलोमीटर, आठ किलोमीटर, मध्ये चार-चार तास उभी. तो हसला. २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, डिझेल गाडीत काजळी आपोआप जळायला धूर भरपूर तापावा लागतो, आणि तो तापायला सलग वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने गाडी पळावी लागते. लग्नाच्या सीझनभर माझी गाडी एकदाही नीट तापलेलीच नव्हती. पहिला दिवा लागला तेव्हा ती विनवणीच करत होती की थांबू नका, पळवा. मी मात्र चहाला थांबून इंजिन बंद केलं होतं.

म्हणजे सल्लागार बरोबर होता. बोलायची पद्धत चूक होती, पण मुद्दा बरोबर. गाडी विकताना मात्र "शहरात किती, हायवेला किती?" एवढं एक वाक्य विचारायला काय हरकत होती? निम्म्या बिलाचा दावा मी त्या न विचारलेल्या प्रश्नावर चालवतोय.

आता दर रविवारी सकाळी भाचा गाडी जुन्या हायवेवरून तळेगावपर्यंत काढतो आणि परत आणतो. २०२५ ला डिझेल नव्वदच्या आसपास होतं, त्या हिशेबाने काजळी जाळायला आठवड्याचे पाचेकशे रुपये वेगळे धरा. आणि धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची टाकी वेगळी. ती संपली तरी गाडी नखरे करते. ते पंपावरचं सीलबंद घ्या. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं, म्हणून शेतातलं पोतं बादलीत घोळवून पैसे वाचवायला जाऊ नका. मी विचार केला होता, मेकॅनिकने हात जोडले.

भाच्याच्या लायसन्सवरून एक प्रश्न हमखास येतो. त्याच्याकडे साधं हलक्या वाहनाचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच चालतं यावर शिक्का मारला, त्यामुळे ती चिंता मिटली. परमिट मात्र लागतं, कारण एकूण वजन तीन हजार किलोच्या वर जातं. छोट्या हत्तीला ते नव्हतं. टोलही टेम्पोचा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण कापला की २०२५ ला कारला ३२० होता, आपल्याला ४९५. घेण्याआधी हे वहीत मांडा, नंतर बायको मांडते.

एवढी कुरकुर करून आता एका रात्रीबद्दल. ऑगस्टच्या मध्यावर वडखळला वाहतूक साडेतीन तास ठप्प होती आणि पाऊस असा की पुढची नंबरप्लेट दिसेना. माझ्या शेजारच्या पिकअपवाल्याने तीनदा उतरून ताडपत्रीची दोरी आवळली. तिसऱ्यांदा तो नुसताच चाकाशी बसून राहिला. मी केबिनमध्ये चिवडा खात होतो. पुण्यात दार उघडलं तेव्हा पेंढ्यालाही ओल नव्हती. पिवळं पितांबर जसं रंगवलं तसं. त्या रात्री दार, पाटे, काजळी, सगळं माफ केलं होतं. सकाळी पुन्हा आठवलं.

मात्र बंद गाडीत ओला रंग भरू नका. पहिल्या फेरीत कारखान्यातून ताज्या मूर्ती उचलल्या आणि आत दमट हवेने रंग चिकट झाला, कागद चिकटून बसले. छतावर वाऱ्याने फिरणारी हवेची चकती बसवून घेतली, बाराशे रुपये. तेव्हापासून त्रास नाही. छताला भोक पाडताना हात थरथरला, पण गळत नाही.

पुन्हा घेईन का? हीच घेईन, पण सीएनजीची, कारण माझा माल हलका आहे आणि सिलिंडरच्या वजनाने मला फरक पडत नाही. उलट तेवढी वाळू कमी. रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवे करणाऱ्याने डिझेलच घ्यावी. आणि शोरूममध्ये जाताना टेप न्या.

तळाचं प्लायवूड परवा काढलं. दार आता पाच फूट पावणेसहा इंच भरतं. हमरापूरच्या कारखानदाराने त्याच्या खांबावर लाल रंगाने तेवढ्याच उंचीवर रेघ मारून ठेवलीय, "पुणेवाले" असं लिहून. पुढच्या वर्षाची ऑर्डर द्यायला मंडळाचा पोरगा आला होता. त्याला पाच फूट नऊ हवीय.