कलम ६९अ की कलम ७९?

नेटवरचा मजकूर हटवायला सरकारकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दोन वाटा आहेत. कलम ६९अ ची वाट लांबची. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणंच चालतात, ती लेखी नोंदवावी लागतात, प्रकरण समितीपुढे जातं. मात्र २००९ च्या नियमांनुसार सगळं गोपनीय. ज्याची पोस्ट गेली, त्याला बहुधा कारण कळतच नाही. तरी निवडायचंच तर मी हीच निवडेन. निदान कागद उरतो.

कलम ७९ मध्ये थेट बंदी नाही. पोस्ट ज्या कंपनीच्या साइटवर आहे तिला नोटीस येते, ऐकलं नाही तर लोकांच्या मजकुराबद्दल स्वतः जबाबदार न धरलं जाण्याचं तिचं कायदेशीर संरक्षण जातं. मग कुणाच्या तरी चार ओळींसाठी वकील कोण लावणार? पोस्ट उडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानं इथे न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आवश्यक ठरवला, एवढाच काय तो आडोसा.